वर्तुळाचे मर्म जाणणारे भास्कराचार्य

बुलढाणा जिल्ह्यात लोणार नावाचे तालुक्याचे गाव आहे. गावाला लागूनच एक प्रचंड खोलगट खळगा असून त्याच्या तळाशी खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. हजारो वर्षांपूर्वी आकाशातून एक अशनी वेगाने येऊन येथील काळ्या कठीण खडकावर आदळला. त्या आघाताने हा खळगा तयार झाला. काठावर उभे राहून पाहिले, की निसर्गाने जमिनीवर एक भले मोठे वर्तुळ काढून ठेवले आहे, असे वाटते. या काठापासून समोरच्या काठापर्यंतचे अंतर सुमारे १८३० मीटर आहे.

हे अंतर कसे बरे मोजता येईल? कागदावर वर्तुळ काढताना आपण आधी केंद्र ठरवतो, तेथे कंपासचे टोक रोवतो आणि मग पेन्सिल फिरवतो. लोणारच्या वर्तुळाचे केंद्र मात्र पाण्यात आहे. तेथे खुंटी कोण ठोकणार? दोरी धरून पाण्यातून कोण चालत जाणार? या प्रश्नाचे उत्तर सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या एका संस्कृत ग्रंथात सापडते. पाण्यात पाऊल न टाकता, काठाच्या एका लहानशा भागावरून सगळ्या वर्तुळाचा व्यास काढण्याची रीत त्यात दिली आहे. त्या ग्रंथाचे नाव लीलावती आणि तो लिहिणाऱ्या थोर गणितज्ञांचे नाव भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ मध्ये झाला. हे साल त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेले विज्जलविड हे आपले गाव, असेही ते सांगतात. हे गाव नेमके कोणते, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण त्यांच्या घराण्याचा संबंध खानदेशातील पाटण या गावाशी होता, हे तेथील शिलालेखावरून कळते. पाटण जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ आहे. जळगाव जिल्हा म्हणजे बुलढाण्याचा शेजारी. त्यामुळे भास्कराचार्य आपल्याला परके वाटत नाहीत.

त्यांचे वडील महेश्वर हे मोठे विद्वान होते. ग्रहताऱ्यांच्या गतीचा त्यांचा दांडगा अभ्यास होता. भास्कराचार्यांना वेगळा गुरू शोधावा लागला नाही. वडील हेच त्यांचे गुरू झाले. त्यांच्याकडूनच त्यांनी संस्कृत, गणित आणि ज्योतिष यांचे धडे घेतले. आर्यभट, ब्रह्मगुप्त, लल्ल, श्रीधर या आधीच्या आचार्यांचे ज्ञानही त्यांनी आत्मसात केले.

इ.स. ११५० मध्ये, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा आपला मोठा ग्रंथ पूर्ण केला. या ग्रंथाचे चार भाग मानले जातात. लीलावतीत अंकगणित आणि भूमिती आहे. बीजगणितात अज्ञात संख्या शोधण्याच्या रीती आहेत. ग्रहगणितात सूर्य, चंद्र आणि ग्रह यांच्या गती आहेत. गोलाध्यायात पृथ्वीचा आणि आकाशाचा गोल समजावून सांगितला आहे. सगळा ग्रंथ श्लोकांत आहे. त्या काळी छापखाने नव्हते. विद्यार्थी नियम तोंडपाठ करत. श्लोक पाठ व्हायला सोपा जातो, म्हणून गणितही श्लोकांत लिहिले जाई.

या चारही भागांत एक आकृती पुन्हा पुन्हा भेटते. ती म्हणजे वर्तुळ. म्हणून आधी वर्तुळाच्या घरातली माणसे ओळखून घेऊ.

बैलगाडीचे चाक डोळ्यांसमोर आणा. चाकाच्या मधोमध तुंबा असतो. तुंब्याच्या मध्यबिंदूला केंद्र म्हणू. तुंब्यापासून कडेपर्यंत आरे जातात. सगळे आरे सारख्याच लांबीचे असतात. एखादा जरी लांब किंवा आखूड झाला, तरी चाक वेडेवाकडे होईल. केंद्रापासून कडेपर्यंतचे हे अंतर म्हणजे त्रिज्या. समोरासमोरच्या कडांना केंद्रातून जोडणारी रेषा म्हणजे व्यास. तो त्रिज्येच्या दुप्पट असतो. चाकाला बाहेरून लोखंडी धाव बसवतात. तिची लांबी म्हणजे परीघ. परिघाचा एखादा तुकडा म्हणजे कंस. कंसाची दोन टोके सरळ रेषेने जोडली, की जीवा मिळते. कंसाच्या टोकांपासून केंद्राकडे दोन त्रिज्या काढल्या, तर त्यांच्यामध्ये जो कोन होतो तो केंद्रीय कोन. पूर्ण वर्तुळाचा केंद्रीय कोन ३६० अंशांचा असतो. अर्धवर्तुळाचा १८० अंशांचा आणि पाव वर्तुळाचा ९० अंशांचा असतो.

गणिताच्या तासाला तुम्ही हेच शब्द उर्दूत शिकता. वर्तुळ म्हणजे दायरा, केंद्र म्हणजे मरकज, व्यास म्हणजे कुतर. कंसाला तुम्ही कौस म्हणता आणि जीवेला वतर म्हणता. आता एक गंमत पाहा. अरबी भाषेत कौस म्हणजे धनुष्य आणि वतर म्हणजे धनुष्याची दोरी. संस्कृतात कंसाला चाप किंवा धनू म्हणत. त्याचाही अर्थ धनुष्य. जीवा किंवा ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. दोन दूरच्या देशांतील माणसांना तीच आकृती पाहून तेच धनुष्य आठवले! भास्कराचार्यांच्या गणितात या धनुष्याला बाणही आहे. दोरीच्या मध्यापासून कंसाच्या मध्यापर्यंतची रेषा म्हणजे शर. शर म्हणजे बाण.

या शब्दांचा प्रवासही मोठा आहे. भास्कराचार्यांच्या कितीतरी आधी, आठव्या शतकात, भारतीय गणित बगदादपर्यंत पोहोचले होते. तेथे जीवा हा शब्द अरबी लिपीत लिहिला गेला. पुढे तो जैब असा वाचला जाऊ लागला. जैब म्हणजे खिसा किंवा कपड्याची घडी. आपल्या बोलण्यातला जेब हा शब्द त्याचाच. युरोपातील पंडितांनी त्या अर्थाचा लॅटिन शब्द घेतला आणि त्यावरून साईन हा शब्द आला. पुढच्या इयत्तांत त्रिकोणमिती शिकताना तुम्हांला हा साईन भेटेल. तेव्हा तो मूळचा धनुष्याची दोरी आहे, हे विसरू नका.

आता लोणारच्या कोड्याकडे वळू. लीलावतीत नियम दिला आहे, की जीवेच्या अर्ध्याचा वर्ग करावा, त्याला शराने भागावे आणि भागाकारात शर मिळवावा. जे उत्तर येईल तो वर्तुळाचा व्यास. ग्रंथातले उदाहरण अगदी सोपे आहे. व्यास १० आणि जीवा ६ असेल तर शर १ येतो. उलट करून पाहा. ६ चे अर्धे ३. त्याचा वर्ग ९. ९ ला १ ने भागले तर ९. त्यात १ मिळवले की १०. व्यास बरोबर आला.

असे का होते, हेही समजून घेतले पाहिजे. व्यासाच्या दोन्ही टोकांना परिघावरील कोणत्याही तिसऱ्या बिंदूशी जोडले, तर त्या बिंदूपाशी नेहमी काटकोन होतो. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, असे आपण म्हणतो. त्या बिंदूपासून व्यासावर लंब टाकला, की व्यासाचे दोन भाग पडतात. या दोन भागांचा गुणाकार लंबाच्या वर्गाएवढा असतो. आपल्या धनुष्यात हा लंब म्हणजे अर्धी जीवा आणि व्यासाचा लहान भाग म्हणजे शर. म्हणून अर्ध्या जीवेच्या वर्गाला शराने भागले, की व्यासाचा मोठा भाग मिळतो. त्यात लहान भाग मिळवला, की पूर्ण व्यास होतो.

समजा, लोणारच्या काठावर आपण दोन खुणा केल्या. त्यांच्यामधले सरळ अंतर ६०० मीटर आहे. ही झाली जीवा. या जीवेच्या मध्यापासून काठ ५० मीटर बाहेर आहे. हा झाला शर. जीवेचे अर्धे ३००. त्याचा वर्ग ९००००. त्याला ५० ने भागले तर १८००. त्यात ५० मिळवले तर व्यास १८५० मीटर येतो. प्रत्यक्ष व्यासाच्या जवळचेच हे उत्तर आहे. मात्र येथे सावध राहावे लागते. शर मोजताना एका मीटरची चूक झाली आणि तो ५१ मीटर धरला, तर व्यास सुमारे १८१६ मीटर येतो. एका मीटरच्या चुकीने चौतीस मीटरांचा फरक पडतो! नियम कितीही चांगला असला तरी मोजमाप काळजीपूर्वक करावे लागते. शिवाय निसर्गाने काढलेले वर्तुळ कंपासने काढल्यासारखे तंतोतंत नसते. म्हणून काठावर निरनिराळ्या ठिकाणी मोजून उत्तरे ताडून पाहावी लागतात.

भास्कराचार्यांचे गणित रुक्ष नाही. त्यांच्या उदाहरणांत हंस, मोर, साप, भुंगे आणि कमळे आहेत. एका उदाहरणात तळ्यातील कमळाची कळी पाण्याच्या वर अर्धा हात आली आहे. वारा सुटतो. कळी हळूहळू झुकते आणि दोन हात दूर गेल्यावर पाण्यात बुडते. तर तळ्याचे पाणी किती खोल? कमळाचा देठ तळाशी घट्ट आहे. म्हणजे तळ हे केंद्र, देठ ही त्रिज्या आणि कळीच्या टोकाने हवेत काढला तो कंस. गणित करून खोली पावणेचार हात येते. एका फुलाच्या झुकण्यात भास्कराचार्यांना वर्तुळ दिसले.

परीघ काढण्यासाठी त्यांनी दोन रीती दिल्या आहेत. व्यासाला २२ ने गुणून ७ ने भागावे, ही व्यवहारापुरती स्थूल रीत. आजही शाळेत आपण हीच वापरतो. व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागावे, ही सूक्ष्म रीत. व्यास ७ असेल तर पहिल्या रीतीने परीघ २२ येतो. दुसऱ्या रीतीने तो २२ पेक्षा किंचित कमी येतो. मग दोन रीती कशासाठी? गाडीच्या चाकाला धाव बसवणाऱ्या लोहाराचे काम पहिल्या रीतीने भागते. लोणारच्या काठाचा परीघ काढला, तर दोन रीतींच्या उत्तरांत सुमारे सव्वादोन मीटरचा फरक पडतो. पृथ्वीचा परीघ काढला, तर तोच फरक सुमारे सोळा किलोमीटर होतो. वर्तुळ जेवढे मोठे, तेवढी चूकही मोठी. कोठे किती बारकावा हवा, हे जाणणे हाही गणिताचाच भाग आहे, ही शिकवण या दोन रीतींतून मिळते.

वर्तुळाच्या आत बसणाऱ्या समान बाजूंच्या आकृत्यांची मापेही लीलावतीत आहेत. त्रिकोणापासून नऊ बाजूंच्या आकृतीपर्यंत प्रत्येकीच्या बाजूची लांबी व्यासावरून कशी काढावी, हे तेथे सांगितले आहे. व्यास १२०००० धरला तर त्रिकोणाची बाजू १०३९२३ येते, चौरसाची ८४८५३ आणि षटकोनाची बरोबर ६०००० येते. म्हणजे षटकोनाची बाजू त्रिज्येएवढी असते. याचा पडताळा तुम्ही वहीतच घेऊ शकता. कंपासने वर्तुळ काढा. कंपासचे अंतर न बदलता परिघावर एकामागून एक खुणा करत जा. सहावी खूण बरोबर सुरुवातीच्या बिंदूवर येऊन मिळेल.

वहीतल्या वर्तुळावरून भास्कराचार्यांची नजर पृथ्वीकडे वळली. पृथ्वी गोल आहे, हे आधीच्या आचार्यांनीही सांगितले होते. पण लोकांच्या मनात शंका असे. पृथ्वी गोल असेल तर ती सपाट का दिसते? गोलाध्यायात भास्कराचार्य याचे उत्तर वर्तुळावरूनच देतात. मोठ्या वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग घेतला, तर तो कंस जवळजवळ सरळ रेषेसारखा दिसतो. पृथ्वी फार मोठी आणि माणूस फार लहान. माणसाच्या नजरेत पृथ्वीचा अगदी थोडा भाग मावतो. म्हणून ती त्याला सपाट वाटते. पृथ्वी वस्तूंना आपल्याकडे ओढते आणि म्हणून त्या खाली पडताना दिसतात, असेही त्यांनी लिहिले आहे.

पृथ्वीचा परीघ कसा काढावा, हेही त्यांनी सांगितले. त्यांच्या मते उज्जैन नगरी विषुववृत्तापासून पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या भागाइतकी दूर आहे. ३६० ला १६ ने भागले की साडेबावीस अंश येतात. म्हणजे विषुववृत्तापासून उज्जैनपर्यंतचा कंस पृथ्वीच्या केंद्राशी साडेबावीस अंशांचा कोन करतो. हे अंतर मोजले आणि सोळाने गुणले, की संपूर्ण पृथ्वीचा परीघ हाती येतो. आजच्या मोजणीप्रमाणे उज्जैनचे अक्षांश तेवीस अंशांहून थोडे अधिक आहेत. त्या काळची साधने पाहता हे माप किती जवळचे होते! त्यांनी पृथ्वीचा परीघ ४९६७ योजने मानला आहे.

याच ठिकाणी त्यांच्यापुढे एक कठीण प्रसंग आला. त्यांच्या सुमारे चारशे वर्षे आधी लल्ल नावाचे मोठे ज्योतिषी होऊन गेले. भास्कराचार्यांना त्यांच्याविषयी आदर होता. लल्लांच्या ग्रंथावर त्यांनी टीकाही लिहिली होती. ग्रंथाचा अर्थ उलगडून सांगणाऱ्या लेखनाला जुन्या काळी टीका म्हणत. पण गोलाच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ काढण्याचा लल्लांचा नियम भास्कराचार्यांना पटेना. वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणावे, असा तो नियम होता. ७ व्यासाच्या गोलासाठी या नियमाने उत्तर ८४७ येते. भास्कराचार्यांच्या हिशेबाने ते फक्त १५४ यायला हवे. कोठे १५४ आणि कोठे ८४७!

आता काय करावे? लल्लांचे नाव मोठे. त्यांचा ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या शिकवला जात होता. गप्प बसणे सोपे होते. पण मग पुढचे विद्यार्थीही चूकच पाठ करत राहिले असते. भास्कराचार्यांनी गप्प बसायचे नाही असे ठरवले. मात्र त्यांनी नुसते दोष दाखवले नाहीत, तर पुरावाही दिला. आवळ्याला वरपासून खालपर्यंत रेषा असतात. त्या रेषांमुळे आवळ्याचे फाके दिसतात. तसेच गोलाच्या पृष्ठभागाचे फाके करावेत, असे त्यांनी सांगितले. एका फाक्याचे लहान लहान पट्टे पाडून त्यांनी त्याचे क्षेत्रफळ काढले आणि सगळ्या फाक्यांची बेरीज केली. त्यावरून परिघाला व्यासाने गुणले, की गोलाच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ मिळते, हे सिद्ध झाले. हे क्षेत्रफळ तेवढ्याच व्यासाच्या वर्तुळाच्या चौपट असते. चेंडूवर विणलेल्या जाळीची उपमा त्यांनी त्याला दिली आहे. या नियमाने त्यांनी पृथ्वीच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ ७८५३०३४ चौरस योजने काढले. वडीलधाऱ्यांचा मान राखावा, पण सत्य त्याहून मोठे मानावे, हेच त्यांनी कृतीने दाखवून दिले.

आकाश पाहण्यासाठी भास्कराचार्यांनी अनेक यंत्रांचे वर्णन केले आहे. त्यांतील चक्रयंत्र म्हणजे कडेवर ३६० अंशांच्या खुणा असलेले वर्तुळ. त्याच्या केंद्रात एक खिळा असतो. यंत्र साखळीला टांगून सूर्यासमोर धरले, की खिळ्याची सावली कडेवर पडते. ती कोणत्या खुणेवर पडली, हे पाहून सूर्य किती अंश वर आला ते कळते. चक्राचा अर्धा भाग म्हणजे चापयंत्र आणि पाव भाग म्हणजे तुर्ययंत्र. तुमच्या कंपासपेटीतील कोनमापक म्हणजे या चापयंत्राचा धाकटा भाऊच. मात्र सगळ्या यंत्रांत त्यांनी बुद्धीला श्रेष्ठ मानले. बुद्धी नसेल तर बाकीची यंत्रे हातात असून काय उपयोग?

लीलावती या नावाविषयी एक कथा सांगतात. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी. तिच्या लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी त्यांनी पाण्यावर तरंगणारे छिद्राचे घटिकापात्र ठेवले. ते पात्र पाहण्यासाठी मुलगी वाकली. तिच्या अलंकारातील एक मोती पात्रात पडला आणि छिद्र बुजले. पात्र बुडलेच नाही आणि मुहूर्त टळला. तेव्हा मुलीचे नाव अजरामर व्हावे म्हणून वडिलांनी तिच्या नावाने ग्रंथ लिहिला. ही कथा भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. ती आपल्याला मिळते फारसी भाषेतून. म्हणून तिला दंतकथा मानावे. पण ग्रंथातील अनेक उदाहरणे एका बुद्धिमान मुलीला उद्देशून घातलेली आहेत, हे मात्र खरे आहे.

फारसीत ही कथा कोणी आणली? अकबर बादशहाच्या दरबारात फैजी नावाचे थोर कवी होते. बादशहाच्या आज्ञेवरून त्यांनी इ.स. १५८७ मध्ये लीलावतीचे फारसीत भाषांतर केले. त्या भाषांतराच्या सुरुवातीला ही कथा आहे. फैजींचे धाकटे बंधू म्हणजे अबुल फजल. अबुल फजल यांनी आईन-ए-अकबरी हा ग्रंथ लिहिला. त्यात वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना त्यांनी लोणारचीही नोंद केली आहे. काच आणि साबण तयार करायला लागणारे पदार्थ तेथे मिळतात, असे त्यांनी लिहिले आहे. एका भावाने वर्तुळाचे गणित सांगणारा ग्रंथ फारसीत नेला, तर दुसऱ्या भावाने बुलढाण्यातील वर्तुळाकार सरोवर आपल्या ग्रंथात नेले.

पुढे शहाजहानच्या काळात, इ.स. १६३४ च्या सुमारास, अताउल्ला रुश्दी यांनी भास्कराचार्यांच्या बीजगणिताचे फारसीत भाषांतर केले. अताउल्ला हे ताजमहालाचे शिल्पकार उस्ताद अहमद लाहोरी यांचे पुत्र. औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, बीबी का मकबरा त्यांच्याच देखरेखीखाली उभा राहिला. त्या इमारतीच्या कमानी म्हणजे दगडचुन्यात बांधलेले कंसच आहेत. एकोणिसाव्या शतकात लीलावतीची इंग्रजी भाषांतरे झाली. जॉन टेलर यांचे भाषांतर १८१६ मध्ये मुंबईत छापले गेले. दुसऱ्याच वर्षी कोलब्रुक यांचेही भाषांतर प्रसिद्ध झाले. असा हा ग्रंथ संस्कृतातून फारसीत आणि पुढे इंग्रजीत गेला. भाषा बदलल्या, लिपी बदलल्या, पण वर्तुळाचे नियम तेच राहिले.

भास्कराचार्यांनी म्हातारपणीही काम थांबवले नाही. इ.स. ११८३ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ लिहिला. ग्रहांची स्थाने सोप्या रीतीने काढता यावीत, पंचांग करणाऱ्यांचे श्रम वाचावेत, हा त्याचा हेतू होता. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर हेही विद्वान होते. यादव राजा जैत्रपाल याने त्यांना मानाने आपल्या दरबारी नेले. लक्ष्मीधरांचे पुत्र चंगदेव हे सिंघण राजाचे मुख्य ज्योतिषी झाले.

चंगदेवांनी आजोबांचे खरे स्मारक उभे केले. ते स्मारक म्हणजे पुतळा नव्हे किंवा मनोरा नव्हे. त्यांनी पाटण येथे एक मठ स्थापन केला. भास्कराचार्यांचे ग्रंथ तेथे शिकवले जावेत, हाच त्या मठाचा उद्देश होता. मठाच्या खर्चासाठी दाने मिळाली. शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०७ च्या सुमाराचा, याविषयीचा शिलालेख पाटण येथे आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. या लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. शेवटचा काही भाग मात्र त्या काळच्या मराठीत आहे. गावातील साध्या माणसांनाही दानाचा तपशील कळावा, म्हणून तो त्यांच्या भाषेत कोरला असावा.

आज तो मठ उरलेला नाही. पण त्यातले शिक्षण संपले नाही. वर्तुळाचा परीघ काढणारा, कंसाचा कोन मोजणारा, अर्धवर्तुळातला काटकोन तपासून पाहणारा प्रत्येक विद्यार्थी त्याच शाळेत बसलेला असतो. तेथे प्रवेशाला जातपात किंवा भाषा आड येत नाही. नियम पाठ करावा, तो का खरा आहे ते विचारावे, आपल्या हाताने मोजून पाहावे आणि चूक दिसली तर पुराव्यानिशी नम्रपणे सांगावी, एवढीच त्या शाळेची शिस्त आहे. भास्कराचार्यांनी ती आयुष्यभर पाळली. म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही त्यांचे नाव आदराने घेतले जाते.